पिकअप गेला, दिवा लागला: वायरचा स्कॅनर घ्यावा की फोनला जोडायचा डोंगल?

गाडी ओढत नाहीये, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाल्याच्या हातात चावी देण्याआधी काय झालंय ते स्वतः बघायचंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचायच्या व्यवस्थेचा) सॉकेट कुठे असतो, कोड (दोषाचा नंबर) कसा वाचतात हे येत असेल असं धरून चालतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यानंतरची गाडी असेल तर दोन्ही वस्तू चालायला हरकत नाही. माझ्याकडे आधी वायरचा हॅन्डहेल्ड स्कॅनर होता, मग डोंगल (सॉकेटमध्ये बसणारी, फोनला ब्लूटूथ किंवा वायफायने जोडायची डबी) घेतला, आता दोन्ही आहेत.

वायरच्या स्कॅनरचं आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. केबल खोचली की वीज गाडीकडूनच मिळते, पेअरिंग नाही, ॲप नाही, फोनचं चार्जिंग बघायला नको. जुनी गाडी घ्यायला जाताना मी अजूनही तोच नेतो. मालक समोर उभा असतो, फोनवर खटपट करत बसायला वेळ नसतो, आणि तिथे कोडपेक्षा रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) बघायचे असतात. दिवा बंद आहे पण बरेचसे मॉनिटर 'नॉट रेडी' दाखवतायत म्हणजे कोणीतरी नुकताच कोड उडवलाय किंवा बॅटरी काढलीय, मग मालकाला दोन प्रश्न जास्त विचारायचे.

पण पिकअप जाण्याचा प्रॉब्लेम वेगळा आहे. तो जागेवर उभ्या गाडीत दिसतच नाही. माझी डिझेल टर्बो हॅचबॅक, शहरात एकदम ठीक चालायची, खंबाटकीचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की अचानक लिंप मोड (इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं), मागे काळा धूर, दिवा. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की गाडी पुन्हा नॉर्मल. कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. आता हा कोड कमी दाबाचं सांगतो, कारण सांगत नाही. टर्बो गेलेला असू शकतो, होज फाटलेली असू शकते, व्हॅक्युमचा पाइप निघालेला असू शकतो, सेन्सरही असू शकतो. एका गॅरेजने सरळ टर्बो बदलायचा अंदाज हातात दिला होता.

इथे माझ्या स्कॅनरचं जे खटकलं त्यानेच माझा निर्णय झाला. लाइव्ह डेटा दिसतो, पण एका वेळी चार ओळी, आकडे सारखे बदलत राहतात आणि मागे काहीच उरत नाही. चढावर बायको शेजारी स्कॅनर धरून आकडे वाचत होती, एकशे तीस, एकशे दहा, थांब परत बदलला, आणि नेमक्या ज्या दोन सेकंदात ताकद गेली त्या दोन सेकंदात काय होतं ते कोणालाच सांगता येईना. फ्रीझ फ्रेम (कोड पडला तेव्हाचे साठवलेले आकडे) असते, पण ती एका क्षणाची, त्याच्या आधी काय घडलं ते त्यात नसतं. काही महागडे हॅन्डहेल्ड रेकॉर्डिंग करतात हे मान्य, पण मग किंमत कुठच्या कुठे जाते.

डोंगलने तोच चढ परत चढलो, फोन खिशात, ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालू. घरी येऊन ग्राफ उघडला. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) हजार बारच्या वर छान टिकून होतं, म्हणजे डिझेल पोचतंय, पंप आणि फिल्टरवर संशय घ्यायचं कारण नाही. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) मात्र १४० किलोपास्कलच्या आसपास अडकलेलं, पूर्ण दाबलेल्या टर्बो डिझेलला ते दोनशेच्या घरात तरी जायला हवं. (पुण्यात नुसतं इग्निशन ऑन करून इंजिन बंद ठेवलं तर हा आकडा ९५ च्या आसपास येतो, तेवढी तर बाहेरचीच हवा झाली. सेन्सर शुद्धीवर आहे का ते असं बघता येतं.) मग टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारी होज हाताने चाचपत गेलो. क्लॅम्पच्या अगदी जवळ खालच्या बाजूला तेलकट डाग, त्यावर धूळ बसून काळी पेस्ट झालेली, आणि तिथे दाबलं की बोटभर चीर उघडायची. वरून बघून कधीच दिसली नसती. होज बदलली, टर्बो आहे तोच आहे.

डोंगलला त्रास नाही असं नाही. अगदी स्वस्तातले ईएलएम३२७ (डोंगलमधली चिप) चे क्लोन मध्येच कनेक्शन सोडतात, आणि डब्यावर व्हर्जन १.५ लिहिलेलं असेल तर मूळ कंपनीने त्या नंबरची चिप कधी काढलीच नव्हती एवढं लक्षात ठेवा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला बघा. जास्त गोष्टी एकदम लॉग केल्या की सगळंच हळू होतं, म्हणून मी तीनच ठेवतो, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर. पेट्रोल गाडी असेल तर शेवटच्या दोन्हीच्या जागी शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते), ते दोन्ही मिळून वीस टक्क्यांच्या वर प्लसमध्ये जात असतील तर हवा कुठून तरी चोरून येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. आणि गाडी उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, बॅटरी खातो.

एबीएस, एअरबॅग किंवा डीपीएफचं (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे ती काजळी मुद्दाम जाळणं, हवं असेल तर यातल्या साध्या वस्तूंकडून फार अपेक्षा नको, तिथे कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो.

तुमच्याकडे दोन-तीन गाड्या असतील, घरातले कोणीही वापरणार असतील, फक्त कोड बघून पुढे जायचं असेल तर वायरचा घ्या, पस्तावणार नाही. पण गाडी चढावर दम सोडते, ओव्हरटेकला मरते, आणि गॅरेजला पोचली की शहाण्यासारखी वागते अशी तक्रार असेल तर मला विचाराल तर थोडे जास्त पैसे घालून बरा डोंगल. एक मात्र करा, दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी क्लिअरचं बटण दाबायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट किंवा फोटो काढून ठेवा, आणि गॅरेजवाल्यालाही आधी हेच सांगा, कारण कोड उडवला की फ्रीझ फ्रेमही जाते. पेट्रोल गाडीत दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर लॉगिंगच्या नादाला लागू नका, तो मिसफायर असतो आणि तसंच दामटत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, पाय उचला आणि गाडी बाजूला घ्या.