गाठीला सहा महिने, मणक्याला बारा: टीबीच्या गोळ्या थांबवायच्या कधी?

मानेतली गाठ अजून हाताला लागतेय, मग डॉक्टर सहा महिन्यांत गोळ्या बंद कशा करतात? आणि पाठ दुखायची केव्हाच थांबली, तरी वर्षभर गोळ्या कशाला? फुप्फुसाबाहेरच्या टीबीत हे दोन प्रश्न ठरलेले. पण कोर्स किती चालणार, हे गाठ किंवा दुखणं किती उरलं यापेक्षा आजार कुठे बसलाय यावर ठरतं. (हे सगळं नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीबद्दल. रेझिस्टंट टीबीचं गणित वेगळं.)

गाठ: 6 महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून तीन. खरी परीक्षा मधल्या काळात असते. गोळ्या नेमाने चालू असताना गाठ वाढते, शेजारी दुसरी येते, कधी फुटून वाहायलाही लागते. लोक घाबरून डॉक्टर बदलतात. बऱ्याचदा ती मरणाऱ्या जंतूंवरची शरीराचीच प्रतिक्रिया असते. तरी तसं गृहीत धरून बसू नये, सुईने नमुना काढून तपासावा. त्यात सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली तर लगेच हाय खाऊ नका, मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिच्यात दिसतो. जंतू जिवंत आहेत का, ते कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं, सांगतं; त्याला काही आठवडे लागतात. कोर्स संपल्यावर वाटाण्याएवढी गाठ उरली आणि ती वाढत नसेल, तर तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं. तेवढ्यासाठी आणखी तीन महिने गोळ्या खाण्यात मला अर्थ दिसत नाही.

पोट: 6 महिने. भारतातच 6 आणि 9 महिन्यांची समोरासमोर तुलना झाली, 2015 साली निकाल छापून आला: फरक नाही. छातीत पाणी झालं असेल तरीही सहाच.

मणका आणि हाडं: 12 महिने. इथे मात्र वाद आहे. मद्रासमधल्या जुन्या चाचण्यांत सहा-नऊ महिन्यांच्या कोर्सनेही मणक्याचे रुग्ण चांगले बरे झाले होते. तरी 2016च्या भारतीय मार्गदर्शक सूचना बारा महिने सांगतात, गरजेप्रमाणे अठरापर्यंत. मला बारा पटतात. मणक्यातून बेडका येत नाही, त्यामुळे जंतू संपले हे सहज तपासता येत नाही. एमआरआय सुधारायला रुग्णापेक्षा जास्त वेळ घेतो. आणि आजार उलटला तर मज्जारज्जू दाबला जाऊन पाय जाऊ शकतात. पाठ दुखायची थांबली म्हणून सहाव्या महिन्यात स्वतःच गोळ्या सोडणं हा जुगार आहे.

मेंदू: किमान 9, बहुधा 12. त्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटॉल मेंदूत नीट पोहोचत नाहीत, म्हणून वेळ वाढतो. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टेरॉइडही असतं. ते मध्येच बंद करायचं नाही, हळूहळूच कमी करायचं.

मुलांची गोष्ट निराळी. सोळा वर्षांखालच्या, सौम्य आजाराच्या मुलांना चार महिने पुरतात, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. तिच्यात भारतातली मुलंही होती. मोठ्यांनी ते स्वतःला लावू नये.

«जास्त दिवस घेतल्या तर बिघडतं काय?» बिघडतं. यकृताला त्रास होऊ शकतो. इथाम्ब्युटॉलने नजर अंधुक होऊ शकते, लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण येऊ शकते. कोर्स वाढवायचं ठरलंच, तर कावीळ आणि डोळे या दोन्हींची तपासणी त्याच भेटीत मागून घ्या.