थारच्या शॉकअपसाठी निओप्रीन कव्हर: घ्या, पण धुवा

थारला मागच्या बाजूला कंपनीचे सोडून बाहेरून घेतलेले शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अब्सॉर्बर) बसवलेत, त्यांचा दांडा उघडाच. म्हणून पावसाळ्याआधी वेल्क्रोची निओप्रीन (फोमसारखं मऊ रबर) कव्हरं चढवली. कोकणातला तांबडा चिखल दांड्यावर वाळला की निव्वळ सँडपेपर! तोच आतलं तेल अडवणाऱ्या रबरी सीलला घासतो आणि मग तेल पाझरायला लागतं. परवा कव्हर सोडून बघितलं, क्रोम लखलखीत. पैसे वसूल.

पण वॉटरप्रूफ वगैरे समजू नका. ओढ्यातून गाडी काढली की पाणी आत शिरतं आणि निओप्रीन ते धरून ठेवतं. तसंच राहिलं तर गंज ठरलेला. घरी आल्यावर काढायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. (सीलवर थेट प्रेशर वॉशर मारणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.) वेल्क्रोची शिवण मात्र भिकार, बॅगवाल्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं पुन्हा मारून घेतली.