मोथ्याजवळचा शेतमुक्काम: डोंगर बघायचे तर पावसाळा टाळा

चिखलदऱ्याला गर्दी उसळते जुलै-ऑगस्टात, आणि नेमके त्याच दिवसांत जवळच्या मोथा गावाच्या अंगाला असलेल्या या शेतमुक्कामातून डोंगर दिसत नाहीत. पठाराची उंची ११०० मीटरच्या आसपास. खालच्या वऱ्हाडातून चढलेले ढग इथे अडतात आणि दिवसदिवस अंगणातून हलत नाहीत. धबधबे आणि धुकं हवं असेल तर खुशाल जा. पण ओट्यावर बसून गाविलगडाची रांग डोळे भरून बघायची असेल, तर दसऱ्यानंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. त्यातही ऑक्टोबरचा शेवट सगळ्यात चांगला, कारण तेव्हा हवा पावसानं धुतलेली असते आणि गवत अजून हिरवं असतं. भर थंडीत खालच्या मैदानावर सकाळी धुरकट थर असतो. तो विरायला नऊ-दहा वाजतात.

मुक्कामाला दोनच खोल्या आहेत. भिंती मातीच्या, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि प्रत्येकीत चौघं आरामात झोपतील एवढी जागा. मे महिन्यात घर शाकारतात, तरी वानरं छपरावर उड्या मारून कवेलू सरकवतात आणि पहिल्या जोरदार पावसात कुठेतरी गळतंच. कोपऱ्यात बादली ठेवलेली दिसली तर ती त्यासाठीच. पावसाळ्यात पूर्वेकडची खोली मागा, तिच्यावर झाडाची फांदी येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्र फार गार होते. मिळणारी एक गोधडी पुरत नाही, दुसरी आधीच मागून घ्या.

खरी अडचण पाण्याची. इथे पाऊस भरपूर पडतो, पण काळ्या खडकाचं पठार ते धरून ठेवत नाही, सगळं उतारानं खाली जातं. मार्चपासून विहिरीचा तळ दिसू लागतो. मग आंघोळीला माणशी एकच बादली मिळते, तीही बंबात तापवलेली. घरचे लोक हे आधी सांगत नाहीत, हा त्यांचा दोष. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी फोनवरच विचारून घ्यावं.

जेवणासाठी मात्र परत परत जावं अशी ही जागा आहे. रोजचं ताट म्हणजे ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि वावरातली भाजी. कोरकू आदिवासींच्या घरांतून येणारी कुटकी, म्हणजे बारीक भरडधान्य, सांगितली तर शिजवतात. ती अर्धा तास भिजवून, वाटीला अडीच वाटी पाणी घालून मंद चुलीवर ठेवतात. घाई केली की वरून मऊ आणि आत कचकच राहते. रोडगे, म्हणजे आरात भाजलेले कणकेचे गोळे, हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगा. गवऱ्या पेटवून ज्वाळ पूर्ण बसू द्यावी लागते, नुसता लाल आर उरला की त्यात रोडगे पुरतात. ज्वाळेवर टाकले तर बाहेरून करपतात आणि मधे पीठ कच्चं राहतं. इथे ही चूक होत नाही. सोबत वांग्याची भाजी आणि वरण, वरून तूप. एवढ्यासाठीही वाट वाकडी करावी.

फिरायला तीन वाटा आहेत. घरामागून पांदणीनं कड्यापर्यंत जाऊन यायला दीड तास लागतो. सोपी आहे, फक्त परतीच्या उतारावर मुरमात पाय घसरतो, तेव्हा गुळगुळीत तळाची चप्पल नको. दुसरी भीमकुंडाची, तिथे खोल दरी आहे, मुलांचा हात सोडू नये.

तिसरी गाविलगड. त्याला अख्खी सकाळ द्या. चिखलदऱ्याच्या पठाराला किल्ला उत्तरेकडच्या चिंचोळ्या भागानं जोडलेला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं याच बाजूनं तो घेतला. दरवाजांवरचं कोरीवकाम, तळी आणि मशीद नीट बघायची तर चार तास लागतातच. माणशी दोन लिटर पाणी सोबत ठेवा, तळ्यांचं पिऊ नका. नोव्हेंबरात वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसून हैराण करतात. जाड सुती पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांवरून खाली सोडा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा ती खायला अस्वलं पहाटे बाहेर येतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नये, आणि गावातला वाटाड्या घ्यावाच. तो घरचे लोक देतात, पैसे वेगळे. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, तसा आग्रह वाटाड्याला करू नका.

डिसेंबरअखेर गेलात तर मोथ्याची स्ट्रॉबेरी मिळेल. सकाळी तोडलेलीच घ्या आणि उथळ खोक्यात एकाच थरात ठेवा. पिशवीत कोंबलेली घाट उतरेपर्यंत रस होते.

अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून वर ३० च्या आसपास. जवळचं मोठं रेल्वे स्टेशन बडनेरा. धामणगाव गढीवरून येणारा रस्ता मोथ्याला सोयीचा. घटांगचा रस्ता जंगलातून सुंदर आहे, पण वळणावळणाचा. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या, कारण घरी मोबाईलची रेंज येते-जाते आणि पैसे पाठवताना अडकतात. घाट अंधार पडायच्या आत चढा. पोचायची वेळ आदल्या दिवशी कळवली तरच चूल पेटलेली मिळते. न कळवता रात्री पोचलेल्यांना फार तर पोहे मिळतील.