ग्रिफिथ वेधशाळा, लॉस एंजेलिस: दुर्बिणीची रांग सोडू नका

बहुतेक पाहुणे इथे येऊन हॉलीवूडच्या पाटीसोबत फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत डोंगर उतरतात. कृपया थांबा. पूर्वेकडच्या घुमटात झाइस या जर्मन कंपनीची १२ इंची दुर्बीण आहे. वेधशाळा १९३५ साली सुरू झाली तेव्हापासून ती सर्वसामान्यांसाठी आहे, आणि निरभ्र रात्री तिच्यातून कुणीही फुकट बघू शकतं. वेधशाळेला ज्यांचं नाव आहे त्या ग्रिफिथ यांनी जवळच्याच माउंट विल्सन वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून आकाश पाहिलं होतं. प्रत्येकाला ते बघता यावं म्हणून त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले. माणूस गेला १९१९ मध्ये, पण त्याची इच्छा आजही पाळली जाते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

डिसेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून आले होते, त्यांना घेऊन गेलो. रांग गच्चीवर, वारा बोचरा. त्या रात्री दुर्बीण गुरूवर लावली होती. आईंना आधी नुसताच उजेड दिसत होता. तिथल्या मुलीने त्यांना नीट उभं केलं, चष्मा काढायला सांगितला, आणि मागे एवढी माणसं असूनही अजिबात घाई केली नाही. मग आई एकदम म्हणाल्या, "अगं, पट्टे दिसतायत की! आणि बाजूला चार ठिपके एका ओळीत!" तेच चार चंद्र गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. बाहेर हिरवळीवरच्या स्तंभावर सहा खगोलशास्त्रज्ञांचे पुतळे आहेत, त्यांत तोही आहे. बाबांनी परतताना तिथे हात जोडले.

शहराच्या झगमगाटामुळे आकाशगंगा इथून दिसत नाही, ती आशा ठेवू नका. चंद्र आणि ग्रह मात्र सुरेख दिसतात. जिने चढवत नसतील तर हिरवळीवरही छोट्या दुर्बिणी लावतात.

आत पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक आहे: सुमारे १०९ किलोचा पितळी गोळा, पृथ्वी फिरते तसा एकेक खुंटी पाडत जातो. आमचा लेक खुंटी पडेपर्यंत तिथून हलेना.

प्रवेश फुकट, तारांगणाला मात्र वेगळं तिकीट. पाच वर्षांखालच्या मुलांना फक्त दिवसाच्या पहिल्या खेळाला सोडतात. सोमवारी बंद. वर गाडी लावायला जागा कमी आणि महाग, त्यापेक्षा व्हरमॉन्ट-सनसेट मेट्रो स्टेशनहून डॅश ही शहराची बस पकडा. स्वेटर घ्याच, आणि रांगेत लवकर उभे राहा, कारण रात्री दहाला वेधशाळा बंद होते आणि रांग त्याआधीच थांबवतात.