अर्धवट राहिलेली स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अनट्रंक: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मी अनट्रंक वापरतेय, म्हणजे मध्येच तुटलेल्या, न उघडणाऱ्या व्हिडिओ फायली दुरुस्त करणारा प्रोग्राम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि ज्या फायली गेल्याच असं सगळे धरून चालले होते त्यातल्या बऱ्याचशा त्याने परत दिल्या. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं काम सांगते, म्हणजे अंदाज येईल. दादरच्या एका क्लासच्या ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग मी सांभाळते. दहावीचे सर पेनने आकृत्या काढत भूमिती शिकवतात, आणि ज्यांना त्या वेळी बसता येत नाही ती मुलं तेच रात्री बघतात. गिरगावातल्या गाण्याच्या बाईही मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करून शिष्यांना पाठवतात. तास लांबला की कधी बॅटरी संपते, कधी स्टोरेज भरतं, कधी ॲपच बंद पडतं. मागे फाइल उरते, आकारही चांगला एक-दोन जीबी दिसतो, पण ती उघडत नाही. सरांना तोच तास पुन्हा घ्या म्हणणं माझ्या जिवावर येतं, कारण मुलांनी मध्येच विचारलेल्या शंका दुसऱ्यांदा तशा येत नाहीत.

एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रामला अशी फाइल दिली की 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' एवढंच उत्तर मिळतं. पण खरं निदान त्यातच आहे. साध्या एमपी४ फायलीत चित्र आणि आवाजाचा डेटा आधी लिहिला जातो, आणि कुठली फ्रेम कुठे आहे, किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची हा सगळा तक्ता, म्हणजे मूव्ह, रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिला जातो. अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे दोन्ही फाडलेलं पुस्तक समजा. मजकूर सगळा आहे, पण क्रम लावायला काही नाही. शिवाय एच.२६४ पद्धतीने दाबून साठवलेलं चित्र उलगडायला लागणारी माहिती, रेझोल्यूशन वगैरे, बहुधा त्याच तक्त्यात असते. म्हणून नुसतं एक्स्टेन्शन बदलून किंवा दुसरा प्लेअर टाकून काही होत नाही. व्हीएलसी प्लेअरमधली दुरुस्तीची सोय एव्हीआय या वेगळ्या प्रकारच्या फायलींसाठी आहे, तिचा इथे उपयोग नाही.

अनट्रंकला दोन फायली द्यायच्या: एक धडधाकट, एक बिघडलेली. मूळ प्रोग्राम फेडेरिको पोंकिओ यांचा. मी त्याची गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या साइटवरची पुढे सुधारलेली आवृत्ती वापरते, तिची विंडोजसाठी तयार फाइल मिळते. धडधाकट फायलीतून ते नियम शिकतं, मग बिघडलेल्या फायलीचा डेटा चाळत हा तुकडा चित्राचा, हा आवाजाचा असं ओळखत नवा तक्ता बांधतं. दुरुस्त फाइल वेगळी तयार होते, त्यामुळे डिस्कवर तेवढीच मोकळी जागा हवी. मी तरीही मूळ फायलीची प्रत काढून त्या प्रतीवरच काम करते.

सगळी मदार त्या धडधाकट फायलीवर, म्हणजे नमुन्यावर आहे, आणि लोक अडतात ते इथेच. 'त्याच मोबाइलची' एवढं पुरत नाही. ॲप तेच, रेझोल्यूशन तेच, फ्रेम रेट तोच हवा. फोन आडवा धरून केलेल्या रेकॉर्डिंगला उभ्याचा नमुना बऱ्याचदा चालत नाही. बाईंच्या एका फायलीत आवाजाची नुसती घरघर येत होती, कारण नमुना फक्त माइकवरचा होता आणि बिघडलेल्या फायलीत मोबाइलच्या आतला तानपुराही होता. तशाच सेटिंगमध्ये त्यांच्याकडून छोटा नमुना करून घेतला, आणि तान स्वच्छ ऐकू आली. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

स्क्रीन रेकॉर्डिंगला आणखी एक त्रास आहे, जो कॅमेऱ्याच्या व्हिडिओत सहसा एवढा नसतो. स्क्रीन हलत नसेल तर मोबाइल फ्रेम कमी घेतो, म्हणजे फ्रेम रेट बदलता असतो. कुठली फ्रेम किती वेळ थांबवायची हे हरवलेल्या तक्त्यातच होतं. त्यामुळे दुरुस्त फायलीत चित्र पुढे धावतं आणि आवाज मागे राहतो. आवाजाच्या लांबीइतकं चित्र ताणायचा पर्याय अनट्रंकमध्ये आहे, पण तो सगळीकडे सारखाच ताणतो. भूमितीच्या तासाला तेवढं पुरतं. जिथे सर बराच वेळ नुसते बोलत होते, तिथे मात्र मला व्हिडिओ एडिटरमध्ये तुकडे पाडून हाताने जुळवावं लागतं, आणि त्यात अख्खी संध्याकाळ जाते. अगदी शेवटचे काही सेकंद तर मिळतच नाहीत, ते डिस्कवर उतरलेलेच नसतात.

काही फायलींवर वेळ घालवूच नये. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फायलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडल्यावर सगळीकडे शून्यच दिसत असतील तर आत काही नाही, कुठलंही सॉफ्टवेअर आणा. पैसे घेणाऱ्या सेवांपैकी ज्या दुरुस्त झालेला तुकडा आधी दाखवतात त्यांनाच विचारात घ्या. लॅमिंग्टन रोडला डिस्क रिकव्हरीची दुकानं आहेत, पण पुसलेली फाइल शोधणं आणि अर्धवट फाइल जोडणं ही कामं वेगळी आहेत, हे तिथे जाण्याआधी लक्षात घ्या. फाइल पुसली गेली असेल तर फोटोरेक हा पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम बघा, आणि त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका. अँड्रॉइडवर फाइल दिसतच नसेल तर फाइल मॅनेजरला लपलेल्या फायली दाखवायला सांगून नावाच्या सुरुवातीला 'पेंडिंग' असलेली फाइल शोधा. काही ॲप अर्धवट रेकॉर्डिंग तशा नावाने ठेवतात, आणि अँड्रॉइड ती काही दिवसांनी आपोआप पुसतं. म्हणून त्याच दिवशी कॉपी करून घ्या.

क्लासच्या लॅपटॉपवर आता ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम एमपी४ऐवजी एमकेव्ही या फाइल प्रकारात रेकॉर्ड करतो. मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग सहसा चालतो. मुंबईत वीज क्वचित जाते म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसणारी घरं पुष्कळ आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी शहरभर वीज गेली तेव्हा कित्येकांचे ऑनलाइन तास मध्येच तुटले. ओबीएसच्या फाइल मेनूतल्या रिमक्स रेकॉर्डिंग्जने एमकेव्हीचं एमपी४ थोड्या वेळात होतं, चित्राचा दर्जाही उतरत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ३०.२ आवृत्तीपासून ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ आहे, तेही अर्धवट राहिलं तरी वाचतं. पण बाईंच्या मोबाइलवरचं ॲप फक्त साधं एमपी४ करतं, म्हणून तिथे अनट्रंक अजून लागतं. त्यांच्या प्रत्येक सेटिंगचा मिनिटभराचा एकेक नमुना मी माझ्याकडे ठेवलाय, आणि ॲप अपडेट झालं की त्या मला नवा पाठवतात.