आखात की जर्मनी : घर किती कापूस थांबू शकतं?

गेल्या आठवड्यात माझ्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर मी दोन पगारपत्रकं शेजारीशेजारी ठेवली. एक माझ्या भाच्याचं, शारजातलं. तो तिथे इलेक्ट्रिशियन आहे. दुसरं पुतणीचं, जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका सरकारी रुग्णालयातलं. ती तिथे नर्सिंग शिकते आणि शिकता शिकता पगार घेते. समोर उभा होता आमच्या गल्लीतला पोरगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, नुकताच पास झालेला. त्याच्या मागे त्याचे वडील. घाटंजी तालुक्यात पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पोराचा प्रश्न एकच होता : "काका, कुठं जास्त उरते?"

मी स्वतः २०१४ ते २०२० शारजात होतो. आता बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी उरण्याचंच बघू. हिशेबासाठी दिऱ्हम २४ रुपयांचा आणि युरो १०० रुपयांचा धरला आहे.

भाच्याला १,८०० दिऱ्हम मिळतात. अमिरातीत पगारावर आयकर नाही, म्हणून कपातीचा रकाना कोरा. खोली कंपनीची, एका खोलीत सहा जण. मेसचे ४००, फोनचे १००, वरखर्चाचे १५०. हाती राहिले १,१५० दिऱ्हम, म्हणजे २७,६०० रुपये.

पुतणीला साधारण १,४०० युरो. तिच्या कागदावर कपातीच्या ओळीच ओळी. पोराच्या वडिलांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे एवढं कोण नेते?" पेन्शनला ९.३ टक्के, आरोग्य विम्याला आठ-नऊ टक्के, बेकारी विम्याला १.३ टक्के, वर शुश्रूषा विमा (म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा). पगाराचा पाचवा हिस्सा असाच जातो. तिचा पगार लहान असल्यानं आयकर नावापुरता, कारण तिथे २०२६ मध्ये वर्षाला १२,३४८ युरोंपर्यंत करच नाही. हाती येतात सुमारे १,१००. रुग्णालयाच्या वसतिगृहातली खोली ३८०, किराणा २३०, देशभर चालणारा बस-लोकलचा मासिक पास ६३, फोन १५, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६ (टीव्ही असो नसो, प्रत्येक घराला भरावीच लागते), आणि थंडीचे कपडे, साबण-तेल, अधूनमधून भारतीय दुकानातली तुरीची डाळ धरून शंभर. उरले २९० युरो. २९,००० रुपये.

म्हणजे महिन्याच्या बचतीत दोघं जवळजवळ सारखीच. पोरगा थोडा हिरमुसला. त्याला वाटलं होतं, एक पारडं खाली जाईल आणि निर्णय होऊन जाईल. पण खरा फरक या दोन कागदांवर नाहीच. तो या कागदांच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत आहे.

आधीचे दिवस

भाचा पासपोर्ट आल्यापासून तिसऱ्या महिन्यात कमावता झाला. पुतणी बारावीनंतर चौदा महिने नागपुरात खोली करून जर्मन शिकली. पहिल्या पायरीला ए-१ म्हणतात, शिकाऊ करारासाठी साधारणपणे बी-१ लागते, म्हणजे तीन पायऱ्या चढायच्या. परीक्षा तिनं पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिली. एकदा नापास झाली, रडली, पुन्हा दिली. खोली, क्लास, परीक्षा, व्हिसाचे ७५ युरो, विमानाचं तिकीट मिळून सव्वादोन लाख गेले, आणि त्या चौदा महिन्यांत घरात एक रुपया आला नाही.

म्हणून मी पोराला सोडून त्याच्या वडिलांना विचारलं, "भाऊ, घर किती दिवस थांबू शकते?" ते बराच वेळ काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन कापूस थांबू शकतो. तिसरा नाही जमत बाप्पा."

एक कापूस म्हणजे कापसाचा एक हंगाम, एक वर्ष. माझ्या मते सगळी तुलना इथूनच सुरू होते. ज्या घरात मार्चअखेर पीककर्ज भरायचं आहे, बहिणीचं लग्न ठरलं आहे, किंवा सावकाराचे पैसे आधीच डोक्यावर आहेत, त्या घरानं जर्मनीचं नाव तूर्त काढू नये. तीन रुपये शेकड्यानं दीड लाख घेतले तर महिन्याला साडेचार हजार व्याजच होतं. पोरगा क्लासमध्ये क्रियापदं पाठ करत असताना ते व्याज चढत राहतं, आणि परीक्षेत एकदा गचकला की सहा महिने आणखी. मी अशी दोन घरं पाहिली आहेत. दोन्हीकडे पोरं हुशार होती.

परवाना कोणाच्या हातात

अमिरातीत कामाचा परवाना कंपनीच्या नावावर निघतो, बहुधा दोन वर्षांचा. नोकरी गेली की दुसरी शोधायला मोजकेच दिवस. कितीही वर्षं राबा, साध्या कामगाराला तिथे कायमचं राहायला मिळत नाही. बायको-पोरांना न्यायचं तर पगार किमान ४,००० दिऱ्हम, किंवा ३,००० आणि राहायची सोय. भाच्याला हे जमणार नाही आणि ते त्याला माहीत आहे.

पण तिथला कायदा कामगाराच्या अगदीच विरोधात आहे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. चाचणीचा काळ सहा महिन्यांहून जास्त नाही. वर्षानंतर ३० दिवस पगारी रजा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. आपल्याला मे महिन्यात ४५-४६ अंश सोसायची सवय असते, त्यामुळे पोरं म्हणतात की उन्हाचं काय एवढं! आपलं ऊन कोरडं आहे. शारजातलं समुद्राकाठचं ऊन ओलं असतं, घाम वाळत नाही, सदरा अंगाला चिकटून राहतो आणि दोन तासांत चक्कर येते. ते अडीच तास मला अजून आठवतात. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय पसरून गप्प पडायचो.

माझ्या वेळी पासपोर्ट कंपनीच्या कपाटातच असायचा. शहरातल्या एका एजंटनं माझ्याकडून नव्वद हजार घेतले होते, कागद दाखवला तो इलेक्ट्रिशियनचा, आणि तिथे उतरल्यावर सही घेतली ती हेल्परच्या करारावर. पगारही कमी. परत यायचं तर नव्वद हजार बुडत होते, म्हणून राहिलो. हे लिहिताना अजूनही राग येतो, आणि म्हणूनच करारातली एक ओळ नीट वाचायला सांगतो : मूळ पगार.

१,८०० पैकी मूळ पगार १,००० आणि बाकी भत्ते असा करार असेल, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त १,००० वर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार हा नियम आहे. म्हणजे वर्षाला ७०० दिऱ्हम, पाच वर्षांचे ३,५००. तोच मूळ पगार १,८०० असता तर ६,३०० झाले असते. फरक २,८०० दिऱ्हम, ६७,२०० रुपये. आपल्याकडे एवढ्यात विहिरीवरची मोटर आणि पाइप होतात. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच, सव्वापट, आणि रात्री दहा ते पहाटे चार दीडपट. सही करण्याआधी ही एक ओळ मला कोणी दाखवली असती तर!

जर्मनीत परवाना पहिल्यांदा करारालाच बांधलेला असतो. पण शिकाऊ करार मधेच तुटला तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. तीन वर्षांचं शिक्षण, ज्याला ते आउसबिल्डुंग म्हणतात, पूर्ण झालं की माणूस कुशल कामगार ठरतो, आणि त्यानंतर दोन वर्षं काम केल्यावर, भाषा आणि पेन्शनचे हप्ते नीट असतील तर, कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. पगारही उडी घेतो. पात्र परिचारिकेला वृद्धांच्या शुश्रूषेच्या क्षेत्रात जुलै २०२५ मध्ये तासाला किमान २०.५० युरो ठरले. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याला कपातीआधी साडेतीन हजार युरोंच्या आत-बाहेर. भाच्याचा पगार तोवर दोन हजार दिऱ्हम झाला तर खूप.

आजारपणाचंही पाहा. पुतणीला गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. ती तीन आठवडे घरी होती आणि पगार पूर्ण आला. तिथे सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकानं द्यायचा असतो. अमिरातीत चाचणीकाळानंतर वर्षाला १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, त्यापुढचे ४५ बिनपगारी. कपातीच्या ओळींवर बोट ठेवणाऱ्या भाऊंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोट उचललं.

सध्या एजंट लोक चान्सेनकार्ते नावाचा जर्मन परवाना विकत फिरतात : १ जून २०२४ पासून आला आहे, वर्षभर तिथे जाऊन नोकरी शोधा. अट कोणी सांगत नाही. वर्षभराचा खर्च आधीच अडकवून दाखवावा लागतो, २०२५ च्या नियमानं महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा लाखांवर. शिवाय शिक्षण किमान दोन वर्षांचं हवं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर बसतो, एक वर्षाचा वेल्डर बसत नाही. शेत विकून या वाटेला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा जर्मनीच होती. करार चांगलाच आहे. पण तुमच्या नावाचं, सहीशिक्क्याचं करारपत्र हातात येईपर्यंत त्यावर कर्ज काढू नका.

एजंटकडे जाण्याआधी

दहावी पास पोराच्या पासपोर्टवर परदेशगमन तपासणीचा शेरा येत नाही. आपण त्याला मान समजतो. पण दहावी नापास माणूस आखातात जाताना त्याचा करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा असतो : दोन वर्षांचे २७५ रुपये आणि दहा लाखांचं कवच. आपला शिकलेला पोरगा या चाळणीतून सुटतो आणि व्हिजिट व्हिसावर सरळ विमानात बसतो. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. त्या पोराची कुठे नोंदच नसते. ई-मायग्रेटवर एजंटचा परवाना क्रमांक टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. परवानाधारक एजंट ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. माझ्या दुकानात ही तपासणी फुकट आहे.

गावाकडचा पैसा

नोकरीसाठी देश सोडला की इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं उघडायचं, त्यावरच्या व्याजाला इथे कर नाही. एनआरओच्या व्याजातून मात्र ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापूनच देतात. आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही. तेव्हा हुंडीनं, म्हणजे बँकेबाहेरून, पाठवायचं काही कारणच नाही. पैसा बुडाला तर विचारायचं कोणाला?

त्या पोराचं मी माझ्या मतानं सांगितलं : वडील दोन कापूस थांबायला तयार आहेत, अंगावर सावकार नाही, तर जर्मन लाव, पण पहिली पायरी सहा महिन्यांत जमली नाही तर शारजाचा विचार कर, मागे फिरण्यात कमीपणा नाही. भाच्याच्या वेळी मीच शारजा सांगितलं होतं. त्याच्या घरी तेव्हा एक कापूसही थांबता येत नव्हता आणि त्यानं तीन वर्षांत सगळं कर्ज फेडलं.

जाता जाता भाऊंनी विचारलं, पोरगं कमावून आलं की शेजारचा तुकडा घेता येईल ना? इथे मी त्यांना पुन्हा बसवलं. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला स्वतःच्या नावावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची असेल ती राहते, वारसानं येईल ती येते, पण नवी खरेदी नाही. मी २०१८ ला सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या बांधालगतचे दोन एकर विकायला निघाले होते. इसाराची बोलणी झाली आणि मग बँकेतल्या एका साहेबांनी हा नियम सांगितला. शेवटी मी बाबांना पैसे दिले आणि खरेदी बाबांच्या नावानं झाली. बाबा गेल्यावर आई, मी, भाऊ आणि ताई अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली. ते बरोबरच आहे, जमीन बाबांचीच होती. फक्त शारजातली माझी चार वर्षं त्या दोन एकरांत आहेत हे आम्ही चौघांनी खरेदीच्या दिवशीच एकत्र बसून बोललो असतो, तर पुढे तलाठ्याच्या ऑफिसात ताईला आणि मला एकमेकांकडे न बघता उभं राहावं लागलं नसतं.