नवी मुंबईची अकादमी की भुसावळचं मैदान?

पोरगा अकरा वर्षांचा आहे, डाव्या पायाने खेळतो. फुटबॉल अकादमीच्या निवड चाचणीला न्यायचं का, यावर घरात रोज खल चाललाय. आजीचा निकाल कधीच लागलाय: "पोऱ्या अजून धाकला शे!"

अकादमीची बाजू भक्कम आहे. रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्ससारख्या निवासी अकादमीत निवड झाली, तर राहणं, शाळा, प्रशिक्षण सगळं शिष्यवृत्तीतून. इतर बऱ्याच ठिकाणी मात्र फी आपणच भरायची, आणि "एलिट" हा शब्द तर कुणीही फलकावर रंगवतो. पण चांगल्या अकादमीत रोज तोडीस तोड पोरं समोर असतात; इथे चार जणांना चकवलं की आमचे चिरंजीव मेस्सी.

पण वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात आणि आमचा जन्म नोव्हेंबरचा. त्याच गटातली जानेवारीची पोरं हातभर उंच दिसतात, आणि निवड करणाऱ्यांची नजर आधी उंचीवरच जाते. आज नाकारला गेला म्हणजे खेळ कच्चा, असं नाही.

इथे गवत नाही, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, सराव सकाळी सहालाच उरकावा लागतो. तरी सुब्रतो कपची, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची, वाट शाळेतूनच जाते. शिवाय गुडघा सोलून आला की रात्री कळण्याची भाकरी खाताना सगळी मॅच पुन्हा सांगतो. वसतिगृहातून फोनवर एवढं कोण सांगणार?

चाचणीला नेईन. पण निवड झालीच तरी चौदापर्यंत इथेच ठेवावं, असं मला वाटतं. बायकोचं मत उलटं आहे.